टाचणीबाईचा रकाना

तुमचे हात सोलतात. त्यावर जगात कुणीतरी अभ्यास केलाय, उपायही छापलाय, आणि तो तुम्हाला सापडत नाही. आता सांगा, चूक कुणाची? तुमची?

हा प्रश्न कुणी गोडीत विचारला तरी टाचणीबाईचा तिळपापड होतो. एका मोठ्या विज्ञान-ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ती बसते. खिडकीबाहेर सायकली लावायची जागा, टेबलावर संगणकाचे दोन पडदे आणि कान तुटलेला एक कप. पूर्वी ती शोधनिबंधांना विषयाच्या चिठ्ठ्या टाचणीनं लावायची, म्हणून हे नाव. बोलणंही तसंच, टोचणारं. आता चिठ्ठ्या संगणक लावतो. निबंध आला की तो स्वतःच वाचतो, विषय हेरतो, कामाच्या वाक्यांखाली रेघा मारतो आणि शोधणाऱ्याच्या हाती लागावा म्हणून त्यावर खुणा डकवतो. त्या खुणा बरोबर आहेत का, ते टाचणीबाई बघते. चुकलेलं सुधारते. तिच्या सुधारण्यावरून तो पुढचं शिकतो.

"म्हणजे मी त्याची मास्तरीण," ती घरी ऐटीत सांगते.

"मग छडी कुठंय?" थोरली बहीण विचारते.

"तोंड आहे ना!"

ही थोरली, म्हणजे ताई, लाँड्रीत कामाला. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, दिवसभर हात साबणाच्या पाण्यात. बोटांना भेगा पडल्या तेव्हा तिनं बहिणीच्या टेबलाशी बसून लिहिलं, 'धुण्यानं हात सोलतात'. पडदा कोराच्या कोरा. मग टाचणीबाईनं लिहिलं, 'व्यवसायजन्य त्वचादाह'. निबंधांचा ढीग आला! त्यातल्या एकात सरळ सांगितलं होतं, रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घाला, ओले झाले की बदला. ताईनं तसं केलं, भेगा भरत आल्या. पण ताई खूश होईल तर ना.

"तू होतीस म्हणून मला सापडलं. माझ्या शेजारच्या मशीनवर जी आहे, तिनं कुणाकडं बघायचं?"

हे टाचणीबाईला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं नवाच उद्योग सुरू केला. प्रत्येक निबंधाच्या नोंदीखाली 'शेरा' नावाचा एक रकाना होता, कायम रिकामा. त्यात ती लिहू लागली, हे कुणाच्या कामाचं. 'धुणं धुणाऱ्यांसाठी. हात सोलणं, सालपटं निघणं.' 'दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी. पायाच्या शिरा फुगणं.' आणि ज्या निबंधात वरपासून खालपर्यंत एकही माणूस दिसला नाही, तिथं रागाच्या भरात, 'फक्त लिहिणाऱ्यासाठी.'

हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. रकाना कुणी बघत नाही, असा तिचा समज. पण संगणक बघत होता.

निबंध शोधायची ही सोय सगळ्या लोकांना खुली करायचं ठरलं आणि त्याआधी ग्रंथालयाच्या सभागृहात पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. ग्रंथालयाचे साहेब स्वतः संशोधक. त्यांनी मोठ्या हौसेनं स्वतःचाच ताजा निबंध संगणकाला दिला. खुणा भराभर उमटल्या. साहेबांची मान ताठ. आणि सगळ्यात खाली, कुणी न सांगता, एक ओळ आली: 'फक्त लिहिणाऱ्यासाठी.'

मग मागून एक खिदळला आणि सगळ्यांचाच बांध फुटला.

"हे याला कुणी शिकवलं?" साहेबांचे कान लाल.

संगणकाचं काम बघणाऱ्या प्रोग्रामर बाईंनी जीभ चावली. "शेऱ्याचा रकाना शिकवणीतून वगळायचा राहिला, सर."

"मग आत्ता पुसा. सगळाच्या सगळा."

रकाना गेला की ताईच्या शेजारणीला पुन्हा कोरा पडदा. टाचणीबाई ताडकन उठली. "पुसायच्या आधी एक फोन करू द्या!" आणि परवानगीची वाट न बघता लावलाही, आवाज मोठा करून.

"अगं, कामावर आहे मी!" ताई ओरडली.

"माहितीये. तुझ्या शेजारणीच्या हातात दे फोन."

प्रोग्रामर बाईंनी त्या फोनवर शोधाच्या पानाची लिंक पाठवली.

"काय लिहू?" शेजारीण.

"काय होतंय ते लिही. मला विचारू नकोस."

लाँड्रीची घरघर सभागृहात घुमत राहिली. मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'साबणाने हाताची सालपटे निघतात'. खाली लगेच निबंध, रेघ मारलेल्या वाक्यासकट.

"आलं की! आतून सुती मोजे घाला म्हणतंय. अगं ताई, तू हेच घालतेस होय? मला वाटलं, नखरे करतेस!"

सभागृह पुन्हा हसलं. या वेळी साहेबांच्याही ओठांचा कोपरा हलला.

"बरं, पण माझ्या निबंधाचं काय?" ते म्हणाले. "ओलीनं भिंतीचा रंग का सुटतो, ते शोधलंय मी. रंगाऱ्यांना एकच भिंत दोनदा रंगवावी लागते, त्यांच्यासाठी."

"हे निबंधात कुठं लिहिलंय?"

साहेबांनी निबंध चाळला. "कुठंच नाही."

"मग त्या बिचाऱ्या यंत्राला काय स्वप्न पडणार होतं?" टाचणीबाई फणकारली. मग जरा निवळली. "पण मीही चुकले. माझा राग त्याला शिकवायला नको होता." तिनं जाऊन ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'रंगाऱ्यांसाठी. भिंतीचा रंग सुटणं.'

साहेबांनी चष्मा पुसून ते वाचलं. "राहू द्या रकाना. तेवढं 'फक्त लिहिणाऱ्यासाठी' मात्र सगळीकडून काढा."

"काढते. त्याऐवजी लिहिणाऱ्यालाच विचारू, कुणासाठी लिहिलंत?"

आता निबंध पाठवणाऱ्याला आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. काही विद्वान भडकतात, फोन करतात. असे फोन टाचणीबाई स्वतः घेते आणि तिची दुपार मजेत जाते. तिकडे लाँड्रीच्या खिडकीत सुती मोज्यांची रांगच्या रांग वाळत असते.

शोधायची ही सोय आता तुमच्यासाठीही उघडी आहे. तेव्हा जड शब्द शोधत बसू नका. दुखण्याला घरात जे म्हणता, तेच तिथं लिहा. आणि काहीच सापडलं नाही, तर गुपचूप परत फिरू नका. खाली शेऱ्याचा रकाना आहे, टाचणीबाई तो रोज वाचते. तुम्ही काय काम करता आणि तुम्हाला काय होतंय, तेवढं त्यात लिहून जा.