पाच घरांच्या कड्या

मथुराआत्या गेल्याचं सांगायला शेजारीण मी शिकवते त्या बालवाडीत आली, तेव्हा मी आधी विचारलं, "कशानं?" आत्या ऐंशीच्या घरातली, झोपेतच गेली होती. तरी मी विचारलंच. संशय हा माझा जुना स्वभाव, आणि त्याची सगळ्यात जास्त झळ याच बाईला बसली. महिना होऊन गेला, पण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं सारसोळे तेव्हा खाडीकाठचं गाव होतं, नेरूळच्या इमारती अजून कागदावरच होत्या. एका वादळात गावच्या दोन होड्या परतल्या नाहीत. पाच घरांतले पुरुष गेले, त्यात माझा नवराही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी रडलेसुद्धा नाही. नुसती भिंतीकडे बघत बसायची. चौथ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या. सकाळी एक विस्तव मागायला, ती उठते न उठते तोच दुसरी सुकट निवडायला, दुपारी तिसरी माझ्या ओटीवर जाळं विणायला. संध्याकाळी मथुराआत्या. ती नवऱ्याची लांबच्या नात्यातली आत्या. पान लावत बसायची, बोलायची काही नाही. यांच्या वेळा ठरलेल्या आहेत हे माझ्या लक्षात आलं. ही सरळ सरळ पाळत होती. नव्या शहरासाठी जमिनींची मोजणी चालली होती आणि आत्याच्या भाच्याला घर हवं होतं. मी माहेरी निघून जावं आणि घर मोकळं व्हावं, यासाठीच हे सगळं चाललंय, असा माझा पक्का समज झाला.

मग ती दुपार आली. मला जगायचं नव्हतं. जाळं विणणारी यायच्या आत दार लोटलं, आतून कडी घालायला हात वर नेला, तर कडी जागेवर नाही. नुसती खिळ्यांची भोकं. मागच्या दाराची तीच गत. डोक्यात तिडीक गेली. नवरा गेला आणि यांनी दाराच्या कड्या चोरल्या! मरायचं बाजूलाच राहिलं, मला चोर पकडायचा होता. तशीच तरातरा पाटलाच्या ओटीवर गेले आणि पंचांना गोळा करून मथुराआत्याचं नाव घेतलं.

तिनं नाकारलंही नाही. "मीच काढल्या. पाची घरच्या काढल्या. कोनाला काय बोलायचं ते बोला." कारण विचारलं तर गप्प. पंचांनी सगळ्यांदेखत तिला सुनावलं, कड्या परत लावायला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पावसाळा संपेपर्यंत लावल्या नाहीत. मी मात्र तिला चारचौघांत चोर म्हणत राहिले, बरीच वर्षं.

पुढे ऐंशीच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात स्फोट झाला. गावची तीन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मथुराआत्या माझ्या दारात. "पक्कड हाय का ग? घे आनि चल."

"कड्या काढायला?" मी टोचून विचारलं.

ती खाली टेकली. "माझी धाकटी भैन. तिचा नवरा असाच दर्यात गेला. समदी म्हनाली, शांत हाय, एकटी राहू द्या तिला. आतनं कडी होती. दार तोडेपर्यंत..."

मी तिच्या शेजारी टेकले. मग म्हटलं, "पंचांपुढं का नाही सांगितलंस?"

"तुझ्या नावानं गावभर कुजबुज होऊ द्यायची? आनि तू भांडत होतीस, बाय. किती दिसांनी तुझा आवाज ऐकला. मी कशाला थांबवू?"

मला तिचे पाय धरायचे होते. मी पक्कड शोधत बसले. त्या दुपारचं तिला कधीच सांगितलं नाही. तिला कळलं असणार, अशी स्वतःची समजूत घालत आले. आता ऐकायला ती नाही, म्हणून इथं लिहिते: आत्या, तू चोर नव्हतीस. मी आज आहे ती तुझ्यामुळे.

तिची मुलगी सुमन आता त्या घरात एकटीच असते. आईच्या मागे फार गप्प झालीय. मी रोज संध्याकाळी जाऊन तिच्या ओटीवर बसते. परवा तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "वैनी, तुला नक्की काय पायजे?"

"काय नाय," मी म्हटलं, "सुकट आनलीय. निवडू लाग."

तिनं तोंड वाकडं केलं आणि सूप पुढं ओढलं.