बाईंचा हिमालय

या, अशा जवळ बसा. कट्टा गावच्या बाजारापर्यंत येता, कोकमाची सोलं घेता, आणि म्हातारीच्या दारात पाऊल नाही? शोभतं का हे? बरं, आलात तर पलीकडचं ते लाद्यांचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, बघा. मधोमध उंचवटा दिसतोय ना? तो आमच्या शेजारच्या बाईंनी उठवला.

बाई हायस्कुलात भूगोल शिकवायच्या. कुणी घाई केली की डाव्या अंगठ्याचं नख पुढे करायच्या. "ह्या नख वाढता ना, तितक्याच वेगान भारत सरकता गो. पण थांबणा नाय."

मी चौथी शिकलेली. मला त्यांनी पडवीत दोन गोधड्या समोरासमोर ढकलून हिमालय दाखवला. मध्ये घडी उभी राहिली. "भारत आशियाच्या खाली घुसता, म्हणान वरचा उचलला जाता." मग ताटातली भाकरी फाडली आणि फाटलेली कड उभी धरली. "आणि ह्यो आपलो सह्याद्री. टकरीचो नाय, ताटातुटीचो. मादागास्कर नि आपण एकच होतों. फाटलों, त्येची ही कड."

ते म्हणताना आवाज हलला. बाईंचे यजमान नुकतेच वारले होते, आणि दिरानं वाटणी करून मध्ये गडगा घातला होता. गडगा म्हणजे नुसती दगडांवर दगड ठेवलेली भिंत. पावसात ढासळते, दरवर्षी रचावी लागते. आणि रचताना दीर दरवर्षी ती जरा बाईंच्या अंगणात सरकवायचा. टुरिस्टांसाठी खोल्या काढलेल्या, खळ्यात लाद्या घातलेल्या, गाड्या लावायला जागा हवी. पण खरा डोळा बावीवर. बाईंच्या नवऱ्यानं खणलेली ती विहीर मे महिन्यातसुद्धा आटत नाही. गडगा तिच्या पुढे गेला की बाव दिराची.

माझा जीव जळायचा. "बाई, कोर्टात जावा! नायतर मी येतंय कोयतो घेवन."

"वरसून भांडणाऱ्याक काय्येक गावणा नाय गो. खालसून घुसाचा."

बावीच्या काठावर पिंपळाचं रोप उगवलं होतं. एका सकाळी बाईंनी ते मुळासकट सोडवलं आणि बावीपासून लांब, आपल्याच बाजूला पण गडग्याला चिकटून, दिराच्या लाद्यांच्या कुशीत लावलं. कुंकू वाहिलं. पुढे खोड धरल्यावर सूतही गुंडाळलं. "रोज पाणी घालूचा. पुण्य पण गावतला," म्हणाल्या आणि डोळा बारीक केला.

काही वर्षांत पिंपळ माजला. लाद्यांना पहिली चीर गेली तसा दिरानं गडी आणला. गड्यानं कुंकू बघितलं, कोयता खाली ठेवला. "शेट, माका पोरांबाळां आसत. पयलो घाव तुमी घाला."

शेटचा हात काही उठला नाही. "वैनी, ह्या झाड काडा!"

"मी खंय काय केलंय, भावजी? ता आपणच वाढता." आणि अंगठ्याचं नख दाखवलं.

मी पदर तोंडात कोंबून हसले. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मुळांनी लाद्या उचलल्या, एक पाहुणा बॅगेसकट आडवा झाला. मग गडगा कोसळला. गवंडी म्हणाला, मुळांपासून लांब रचा, नाहीतर पुन्हा पडेल. गडगा दिराच्या बाजूला मागे गेला, पहिल्या जागेच्याही मागे. बाव बाईंची राहिली.

त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बसल्या. "लगीन होवन इलंय तेव्हा भावजी एवढेसे होते गो. माझ्याच ताटातली भाकरी खायत." डोळे पुसले. मग तांब्या घेऊन पिंपळाला पाणी घालायला गेल्या.

गेल्या शिमग्यानंतर बाई गेल्या. शेवटचं पाणी त्याच बावीचं, मीच तोंडात घातलं. दीर धावत निघाला तो आपल्याच खळ्यातल्या उंचवट्याला ठेचकाळला आणि गुडघ्यांवर पडला, बाईंच्या दाराकडे तोंड करून. लोकांना वाटलं, वहिनीला नमस्कार करतोय. म्हटलं, करू दे.

आता पिंपळाला पाणी मी घालते, त्यांच्याच तांब्यानं. अजून वाढतोय तो. म्हणून सांगते, पुन्हा लवकर या. आणि येताना दिराच्या खळ्यातूनच या, पण पाय उचलून टाका हो.