जिन्यात गुणगुणलं तर पास

आमच्या टोळीचे किस्से म्हंजे शेंगाचटणीचं बोट. एकदा भरलं की ज्याला हात लावाल त्याला लागतंयच. मी आपली दही आणायला निघालेली असते, कोपऱ्यावर कुणीतरी अडवतंय, "काय गं पमे, या रविवारी काय झालं?" मग एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा, आन घरी आई कढीची फोडणी करून बसलेली! शिव्या कुणाला? मलाच की. म्हणून म्हणलं, एकदाच सगळं सांगून टाकावं आन मोकळं व्हावं.

तर आमी चौघं हाय. मल्लूअण्णा पेटी वाजवतेत. त्यांचं खाली चटणीचं दुकान, वर गच्ची. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आन चिडले की दोन्ही एकदम. व्यंकटमामा टॉवेलच्या लूमवर कामाला, खिशात कायम माउथऑर्गन. सलीमचाचा बँडमधले क्लॅरिनेटवाले, सोलापुरातली अर्धी लग्नं त्यांच्याच फुंकेवर लागली म्हणा. आन चौथी मी, पमी. हलगी वाजवते. दहावी दोनदा दिली, दोन्ही वेळा बोर्डानं परत पाठवली. आमी एकमेकांवर नाराज हाव.

दर रविवारी चार वाजता अण्णांच्या गच्चीवर बसायचं आन अर्धवट असलेलंच वाजवायचं. एखाद्यानं पुरं झालेलं काय आणलं तर अण्णा म्हणतेत, "झालंय न्हवं? मग जा की लोकांत. हितं कच्चा माल चालतो फक्त!"

*

सुरवातीला आमी पण इतरांसारखेच होतो. कुणी काय बी वाजवलं की "वा! वा!" अण्णांनी पेटीवर एक चाल ऐकवली, आमी तिघं माना हलवून हलवून दमलो. मग जिना उतरताना अण्णांनी पुढनं विचारलं, "व्यंकट, आत्ता माझं ऐकलंस ते जरा गा की."

मामा म्हणले, "लई भारी होतं अण्णा!"

"हां, गा की मग."

"...लई म्हंजे लईच भारी होतं."

अण्णा जिन्यातच बसले. अंधारा, अरुंद जिना, एकामागं एकच माणूस मावतोय, म्हणून आमी सगळे अडकलो. आन तितंच कायदा झाला. गच्चीवर वा म्हणायचं न्हाई, टाळी न्हाई, मान हलवायची न्हाई. वाजवून झालं की गप चहा प्यायचा, पेट्रोल-पाण्याच्या गप्पा हाणायच्या. जिना उतरताना कुणाच्या तोंडातनं आपोआप जे गुणगुणलं जाईल ते पास! आन चुकून जो वा म्हणंल त्यानं हजर असतील तेवढ्या सगळ्यांना चहा पाजायचा.

मामांनी पुढच्याच रविवारी पळवाट काढली. चाचांचा एक तुकडा ऐकून म्हणले, "बागुंदि!"

अण्णा म्हणले, "चहा!"

"अण्णा, मी वा कुटं म्हणलं? हे तेलुगू हाय!"

"सोलापूर हाय हे. चारी भाषेत चहाच!"

*

आता माझी पंचाईत बगा. हलगी गुणगुणायची कशी? मी चार रविवार नवनवीन ठेके आणले आन चार रविवार जिना मुका. मला वाटलं, ही म्हातारी मंडळी मला पोरगी म्हणून टाळतेत. मी हलगी बगलंत मारली आन फुगून बसले.

चाचा म्हणले, "बेटी, फूगती कायकू? फिरसे ला. वो बीच का टुकडा था ना, उसकूच जरा लंबा कर."

मी लांबवला. पाचव्या रविवारी वाजवला. नेहमीसारखं सगळे गप. चहा झाला. जिना उतरायला लागलो. तोंडातनं कुणाच्या काय न्हाई. पण पुढं चाललेले व्यंकटमामा, त्यांचे पाय! दोन पायऱ्या पटपट, मग जरा थांबून एक, मग तीन पटपट. माझाच ठेका! त्या ठेक्यात शेवटी एक उलटी थाप होती. जिन्याला तशी पायरीच न्हाई. मामा धपकन खाली बसले आन बसल्या बसल्या घसरत थेट चटणीच्या पोत्यापाशी.

आमी धावलो. मामा कंबर धरून ओरडतेत, "पास! पमी पास!"

आयुष्यात पयल्यांदा मला कुणी पास केलं होतं. मी घरी जाऊन आईला पेढे मागितले. आई म्हणली, "रिझल्ट कुटंय?" मी म्हणलं, "कंबर शेकत बसलाय."

*

मी पण गप बसणारी न्हाई. एकदा मोबाईलवर आमच्या मिक्सरचा आवाज रेकॉर्ड केला. मधनंच एक शिट्टी कुकरची, आन शेवटी आईचं "पमेऽऽ!" गच्चीवर गंभीर तोंड करून सांगितलं, "नवीन प्रकार हाय. शहरात असलंच चालतंय आता."

तिघांनी डोळे मिटून ऐकलं. मला हसू दाबता येईना, दुपट्टा तोंडात कोंबला. ऐकून झाल्यावर अण्णांनी डोळे उघडले. मग म्हणले, "तंगी," म्हंजे त्यांच्या कन्नडात धाकटी बहीण, "ती शिट्टी जरा लवकर येतीय. अजून थोडं दळू दे."

मामा म्हणले, "खालचा सूर लूमसारखा हाय. मी त्याच्यावर काय तर बसवतो."

आन जिन्यात? चाचा! चाचा तल्लीन होऊन गात उतरतेत, "घुर्रर्र... घुर्रर्र... पमेऽऽ!"

मी खरं सांगितलं की चेष्टा होती. कुणी ऐकंना! मामांनी खरोखर त्या मिक्सरवर माउथऑर्गन बसवला, आन आता ती आमची सगळ्यात चांगली चाल हाय. आई विचारती, "माझा आवाज कशाला घालतेत ते सगळ्यात शेवटी?"

*

पण ह्या सवयीचा तोटा बी हाय. एकदा अण्णांना बार्शीला भजनाच्या कार्यक्रमात बोलावलं. पयल्या मजल्यावर हॉल, गच्च भरलेला. अण्णांनी स्वतःची चाल म्हणली. लोकांनी टाळ्या, वा वा, काय विचारू नका. आयोजक हार घेऊन स्टेजवर आले तर अण्णा गायब!

आमाला म्हायत होतं कुटं असणार. गेलो. अण्णा खाली जिन्याच्या अंधारात कान लावून उभे. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायलेत. लोकांना वाटलं, चपला सांभाळणारा माणूस हाय. एका आजीनं आपल्या चपला शोधायला लावल्या. दुसऱ्यानं बूट पुसून मागितले. अण्णा देत होते की! एक हात चपलेवर, कान वर.

इतक्यात एक माणूस गुणगुणत उतरला. अण्णांची चाल! अण्णा त्याच्या मागं. तो स्टँडकडं, अण्णा स्टँडकडं. तो एसटीत चढला, अण्णा चढणारच होते, मामांनी शर्ट धरून ओढलं.

"अण्णा, कुटं चाललाव?"

अण्णांच्या हातात अजून कुणाची तरी एक चप्पल होती. म्हणले, "दुसरी ओळ चुकीची गातोय रे तो! पण माझ्यापेक्षा बरी चुकतोय!"

ती चुकलेली ओळच आता अण्णा गातेत. चप्पल अजून दुकानात हाय. कुणाची असंल तर घेऊन जावा.

*

आता चाचांचं. हे जरा सावकाश सांगते.

आमी तिघं दर रविवारी नवीन काय तर आणायचो. चाचांचं मात्र एकच. त्यांची पोरगी शाहीन, तिच्या पाठवणीची धून. म्हणायचे, "पूरी जिंदगी दुसऱ्यों के शादियाँ में बजाया. मेरी शाहीन जाएंगी तब मेरीच धून बजाता, देखो." बँडमदी फर्माईश दुसऱ्याची असती न्हवं. ही एकच त्यांची स्वतःची.

धून अशी हाय बगा. हळूहळू चढत जाती आन एका जागी येऊन अडकती. तितनं पुढं न्हाई. चाचा क्लॅरिनेट खाली ठेवायचे, "अभी अधूरा है." दर रविवारी तेच. मी शेवट सुचवले, एकात तर रेल्वेचा भोंगा पण घातलेला. चाचा म्हणायचे, "नक्को बेटी. आएंगा तो अपनेआप आएंगा."

घरी शाहीनला ह्याचं काडीचं कौतुक न्हाई. मी एकदा गेलते तर चाचा आतल्या खोलीत वाजवत होते आन शाहीन भाकरी थापत ओरडती, "अब्बा, बस करो ना वो पीपी! कान पक गए!"

मग लग्न ठरलं. मुलगा अक्कलकोटचा, चांगला. आन तारीख तोंडावर आली तशी चाचांच्या तोंडानं दगा दिला. वरचे पुढचे दात किडून हलायला लागले, डॉक्टरनं काढून टाकले. नवे कवा? हिरड्या वाळल्यावर. म्हंजे लग्न आधी, दात मागनं. क्लॅरिनेटला वरचे दात टेकवावेच लागतेत, त्याबिगर नळी धरताच येत न्हाई.

त्या रविवारी चाचा क्लॅरिनेट न घेता आले. कोपऱ्यात बसले. अण्णा म्हणले, "चाचा, रिकाम्या हातानं यायचं न्हाई. कायदा हाय."

चाचा म्हणले, "क्या लाऊँ? हवा?" दात न्हवते म्हणून ते 'हवा' पण निम्मंच आलं. कुणी हसलं न्हाई. मी सुद्धा न्हाई, म्हंजे बगा.

मग माझ्या तोंडातनं निघालं, "चाचा, गुणगुणायला दात कशाला लागतेत?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटून बोळक्या तोंडानं धून धरली. मधनंच हवा सुटायची, फूस्स. अण्णांनी पेटीवर ती उचलली. मामांनी माउथऑर्गनवर. एक सूर चुकला की चाचा मांडीवर चापट मारायचे, "न्हई, जरा रोते रोते जाव." लग्नापर्यंत आमचं तेच चाललं. मामा लूमवर बारा तास उभं राहून यायचे आन तीच ओळ परत परत फुंकायचे. अण्णांनी दुकानात पेटी मांडली, गिऱ्हाईक पावशेर चटणी मागायचं आन धून ऐकून जायचं.

मी विचारलं, "चाचा, शेवटाचं काय?"

"अधूरीच बजाव," म्हणले. "जित्ती है उत्ती."

*

लग्नाचा हॉल वर, गाड्या खाली. निकाह झाला, जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली तसे चाचा आमच्यापाशी आले, म्हणले, "बजाव." आन स्वतः खाली निघून गेले. जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभे राहिले. का, ते आमालाच कळलं.

अण्णांनी सुरू केलं. मामांनी त्यात सूर मिसळला. मी हलगीवर नुसती बोटं टेकवली, आवाज असा की नसल्यासारखा. धून चढत चढत गेली आन त्या जागी येऊन थांबली. आमी पण थांबलो. मागनं एक पोरगं म्हणलं, "लाईट गेली काय?"

शाहीन उठली. सगळ्या बाया रडायल्या. जिना अरुंद, म्हणून एकामागं एकच माणूस. पुढं शाहीन, तिच्या मागं तिची खाला, म्हंजे मावशी, तिच्या मागं मी हलगी छातीशी धरून, माझ्या मागं अण्णा आन मामा. फक्त बांगड्या आन नाक ओढायचा आवाज.

मधल्या वळणावर मला ऐकू आलं. बारीक, रडक्या आवाजात. शाहीन गुणगुणत होती. पीपी म्हणायची तीच शाहीन! धून चढत गेली, मी मनात म्हणलं, आता थांबणार. त्या जागी आली.

थांबली न्हाई.

पुढं गेली. एक वळण घेतलं, जरा थरथरली, आन पायरी पायरी उतरावी तशी खाली येऊन अलगद टेकली. पुरी. शेवटच्या पायरीवर तिचा पाय आन शेवटचा सूर, एकदमच.

खाली चाचा कठडा धरून उभे. तोंड उघडंच.

आन माझ्या मागनं, ज्या माणसानं कायदा केला, आन जो कायदा त्यानं स्वतः एकदा बी मोडला न्हवता, त्या मल्लूअण्णांचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला, "वाऽऽ!"

अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण सुटलं ते सुटलं.

चाचांच्या डोळ्यांतनं पाणी, आन बोळक्या तोंडानं हसत त्यांनी अण्णांकडं बोट केलं, "चाय!"

अण्णा तसेच वळले, गर्दी कापत परत वर गेले, आन आचाऱ्याला ओरडले, "चहा ठेव रे! हजर असतील तेवढ्या सगळ्यांना! खाली गाडीत ड्रायव्हर बसलाय, त्याला पण!"