आधी आपल्या टबात

तुमच्या मालकीची वस्तू उघडायला तुम्ही कुणाची परवानगी मागता का? आमचे बाबा मागत नसत. खोबरेलाचा वास आला की मला परदेशातल्या आमच्या फ्लॅट बुश उपनगरातल्या घरातली ती हिवाळी सकाळ आठवते. पाण्याखाली ज्यातून श्वास घेतात तो रेग्युलेटर बाबांनी ओट्यावर सुटा केला, रबरी रिंगांना कोमट खोबरेल चोळलं आणि पुन्हा जोडला. “स्वीट अ‍ॅज! एकदम झकास. उद्या समुद्रात.” आई म्हणाली, “अहो, आधी आपल्या टबात.” हिवाळ्यातल्या समुद्रासारखं व्हावं म्हणून तिने गार पाणी भरलं, वर फ्रीजमधला बर्फ ओतला. बाबा पोहायचे टॉग्ज घालून, हवेची टाकी शेजारी ठेवून कुडकुडत पाण्याखाली गेले आणि लगेच खोकत उठले. तेल थिजून आतली झडप अडकली होती. “डोक्याला लावायचं तेल ते!” त्यांना टॉवेलात गुंडाळत आई म्हणाली. “नीट शिका, मग खुशाल उघडा.” बाबा शिकले. आता माझा रेग्युलेटर मीच दुरुस्त करते आणि आई टबाच्या काठावर बसते. तुम्हीही दुरुस्तीचा हक्क सोडू नका. फक्त आधी शिका, आणि पहिला श्वास तुमच्यावर जीव असलेल्या माणसासमोर घ्या.