साडभाऊंची घडी

जिची घडी होत नाही अशी वस्तू देवाने घाईत केली असावी, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नेमका तोच साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या नागपुराकडे साडूला साडभाऊ म्हणतात. मी त्यांना साडभाऊ म्हणायचो, तेही मला साडभाऊच म्हणायचे, त्यामुळे आम्ही बोलायला लागलो की पलीकडच्या खोलीतल्याला वाटे, कोणीतरी एकटाच स्वतःशी भांडतोय. वर्तमानपत्र वाचून झालं की ते त्याची अशी काही घडी घालत, की ते अजून कोणी उघडलंच नाही असं वाटावं. दुकानातली पावती सुपारीएवढी होईपर्यंत त्यांचा हात थांबत नसे. माझ्या साखरपुड्याला आमच्याकडचे दोन म्हातारे अजून सतरंजीवर बसलेले असताना यांनी दुसऱ्या टोकाकडून घडी घालायला सुरुवात केली आणि म्हाताऱ्यांपाशी पोचल्यावर अदबीने म्हणाले, "जरा उठता का? एवढीच राहिली." एकदा दुपारी त्यांच्याकडे आडवा झालो होतो. पाणी प्यायला उठून परत येतो तो अंथरूण घडी होऊन फळीवर! "अहो, मी अजून झोपून राहिलो होतो!" असं म्हटलं, तर उलट मलाच म्हणाले, "मंग आधी सांगाचं ना गा."

यात त्यांचा दोष नव्हता. नागपुरातल्या टिमकीत, कोष्ट्यांच्या वस्तीत, विणकराच्या घरात जन्म. आठ-आठ दिवस खपून लुगडं विणायचं, आणि गांधीबागेतला व्यापारी ते आधी पाहणार घडीवरच. घडी तिरपी दिसली की त्याचं तोंडही तिरपं. वडिलांनी लेकाला अक्षर शिकवण्याआधी घडी शिकवली. पुढे लेक शिकून प्राथमिक शाळेत मास्तर झाला, पण घरातला माग थांबला नाही. तो आमच्या ताईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, हाती घेतला. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून ताई बसलेली, आणि उरलेल्या जागेत जमेल तसा संसार. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी आल्यावर साडभाऊ चरख्यावर सुताच्या कांड्या भरून द्यायचे. त्यांनी कांड्या भरल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशी ताण्यातून इकडून तिकडे धावणाऱ्या ताईच्या धोट्यात सूत नसे आणि माग गप्प.

आणि अशात साडभाऊंची बदली झाली रामटेकच्या पलीकडे, स्टेशनापासून चार मैलांवरच्या गावात. तिथले हेडमास्तर शिस्तीचे. म्हणाले, "गावात खोली घ्या." साडभाऊंनी हात जोडले. शेवटी तोडगा असा निघाला की रोज नागपुराहून या, पण ज्या दिवशी सकाळची प्रार्थना चुकेल, त्या दिवशी खोली घ्यायची. मी म्हटलं, "ताईलाच घेऊन जा ना तिकडे." साडभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रामटेकची टेकडी इतवारीत आणा म्हणालो. "माग जमिनीत गाडला हाय गा. त्याची घडी होत नाही. मंग दुसऱ्या कशाची तरी करा लागन."

ती दुसरी वस्तू म्हणजे सायकल. घर ते इतवारी स्टेशन सायकल हवी, रामटेक ते शाळा सायकल हवी, आणि मध्ये आगगाडी. आख्खी सायकल सामानाच्या डब्यात टाकली तर ती उतरवून हाती येईपर्यंत तिकडे प्रार्थना संपून पाढे सुरू होणार. शिवाय घरी मागाने जागा खाल्लेली, सायकल ठेवायची कुठे? तेव्हा सायकल अशी हवी, की जी बाकाखाली बसेल आणि घरी मागापाशीही बसेल.

आता घडीची सायकल त्या काळी नागपुरात मिळणं म्हणजे उन्हाळ्यात थंडी मिळणं. पण साडभाऊंनी शाळेच्या सुटीतल्या सहा आठवड्यांत तीन शोधल्या, आणि प्रत्येक वेळी तज्ज्ञ म्हणून मला नेलं. पहिली एका लोहाराने साधी सायकल मधोमध कापून, दाराची बिजागरी लावून केलेली. ती घडी व्हायची, फक्त कधी व्हायचं ते तिचं ती ठरवायची. दुसरी एका डॉक्टरांची, विलायतेहून आणलेली, छोट्या चाकांची, गोंडस. साडभाऊंनी ती वितीने मोजली, मिटली, उघडली, पुन्हा मिटली आणि डॉक्टरांना म्हणाले, "काठ जुळून नाही राहिले." दोन चाकं एकमेकांवर तंतोतंत येत नव्हती, एवढाच तिचा गुन्हा! तिसरी कामठीच्या कबाडी बाजारात सापडली. पलटणीच्या लिलावातली, हिरव्या रंगाची, मधल्या दांड्यांवर फुलपाखरासारखे दोन नट. साडभाऊंनी डोळे मिटून ते फिरवले, सायकल मिटली, चाकावर चाक आलं. डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर मुलगा झाल्याचा आनंद.

कबाडी म्हणाला, "मास्टर, चला के तो देखो!"

"चलती तो सब है," साडभाऊ म्हणाले, "बैठती कैसी, वो देखना पडता."

आमच्यात नव्या लुगड्याची घडी मोडायचा मान जिवाभावाच्या माणसाला देतात. साडभाऊंनी सायकलीची घडी मोडायला ताईला सांगितलं. गल्लीत शेजाऱ्यांचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, पसरलेला, त्याला खळ लावणं चाललेलं, आणि नऊवारीतली आमची ताई जन्मात पहिल्यांदा सायकलवर! "सोडा नका वं मले... अहो, सोडा नका!" असं, बाईमाणसाला म्हणायचं "वं" नवऱ्यालाच म्हणत ती दहा हात गेली आणि थेट खळीच्या घमेल्यात उतरली. गल्ली हसली, ताई सर्वांत जास्त.

ताईच्या जुन्या लुगड्यात बांधून सायकल रोज तिसऱ्या वर्गाच्या बाकाखाली जायची. पहिल्याच आठवड्यात नवा टीसी आला. मी तेव्हा रामटेकला दर्शनासाठी निघालो होतो, म्हणून पुढचं सगळं या कानांनी ऐकलं.

"मास्टरजी, गठरी में क्या है?"

साडभाऊंना खोटं बोलता येत नसे, आणि हिंदी त्याहून कमी. "घडी है साब."

हिंदीत घडी म्हणजे घड्याळ, हे त्या डब्यात फक्त त्यांनाच आठवत नव्हतं.

"इतनी बडी? घंटाघर की है क्या?"

"नहीं, पलटन की."

"चलती है?"

"अभी कैसी चलेगी? रामटेक में खोलेंगे, फिर चलेगी. चार मील."

डबा हसून लोटपोट. साडभाऊ मात्र घामाघूम, कारण इथे उतरवलं तर प्रार्थना गेली आणि प्रार्थनेबरोबर मागही गेला. टीसीने वाकून लुगड्याची गाठ सोडली, पाहिलं, पुन्हा बांधली. "रूल में सायकल का लिखा है," तो म्हणाला, "घडी का कुछ नहीं लिखा." तेव्हापासून तो रोज विचारायचा, "मास्टरजी, कितने बजे?"

एकदाच आणीबाणी आली. शाळेच्या वाटेवर एक फुलपाखरू उडालं, म्हणजे नट पडला, आणि सायकल चालता चालता, साडभाऊंसकट, मिटली. गुडघे फुटले. पण माणूस विणकराचा! खिशात सुताची कांडी कायम. सूत चौपदरी करून त्यांनी दांडा असा आवळला, की पुढचा दीड मैल सायकल धाग्यावर गेली. रक्ताळलेल्या धोतरानिशी ते रांगेत उभे राहिले तेव्हा प्रार्थनेची शेवटची ओळ चालू होती. हेडमास्तरांनी सायकलकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, आणि खोलीचा विषय पुन्हा काढला नाही. त्या संध्याकाळी लंगडत येऊनही त्यांनी कांड्या भरल्याच.

साडभाऊ निवृत्त होईपर्यंत माग चालला. नंतर ताईचे डोळे गेले, आणि गेल्या वर्षी ताईही गेली. त्यांच्या मुलाने मागाचा खड्डा बुजवून वर गुळगुळीत फरशी केली.

परवा भेटायला गेलो. साडभाऊ खुर्चीत होते. मांडीवरचं वर्तमानपत्र उघडंच, पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होतं. आणि खोलीच्या मधोमध, माग होता तिथे, ती हिरवी सायकल उभी. पूर्ण उलगडलेली, स्वच्छ पुसलेली. मला वाटलं, येता-जाता पायात येत असेल, म्हाताऱ्याच्या हाताने नट फिरत नसेल. मी उठलो, वाकलो, नटाला हात घातला. म्हटलं, "साडभाऊ, मिटून कोपऱ्यात ठेवतो."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे गा," ते म्हणाले. "आता घरात जागा हाय."