मी आवाज खाली केला

गेल्या मे महिन्यात मी चार दिवस सुरतला जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. दोन जुन्या मित्रांना भेटायचं, खायचं-प्यायचं, समुद्रावर जायचं, एक दिवस शेतावर आंबे खायचे, एवढाच बेत. बायको माहेरी गेली होती, मुलगी तिच्या नोकरीच्या गावी. मी घरी एकटाच आहे हे कळल्यावर या दोघांतल्या एका मित्राच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, व्हिडिओ कॉल करून बोलावलं. मागून तो ओरडत होता, "येताना नाशिकचं ते लाल पाणी आण. शेठला पाजू."

हा माझा सर्वांत जुना मित्र. आम्ही तिघं एकाच वर्षी खानदेशातून सुरतला आलो आणि एकाच खात्यात मागावर लागलो. पावरलूमच्या शेडला तिथे खातं म्हणतात. मी सहा वर्षांत कंटाळून नाशिकला गेलो आणि एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलो. दुसरा मित्र आधी मास्तर, म्हणजे मागांवरचा मुकादम, झाला, मग भागीदार, आणि आता सुरतजवळच्या सचिन गावात त्याचं स्वतःचं खातं आहे, नव्या वॉटरजेट मागांचं. त्याला आम्ही थट्टेने शेठ म्हणायचो, आता सगळेच म्हणतात. हा माझा मित्र मात्र मागावरच राहिला. होळीनंतर त्याच्या मालकाने जुने माग भंगारात काढले आणि तो घरी बसला. कान त्याच्याही आधी गेले होते.

मागांच्या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं. सगळे माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून खात्यात ओठांवर बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं. नवीन माणूस दोन-तीन महिन्यांत शिकतो आणि मग पार पलीकडच्या रांगेतला कारागीर काय म्हणतोय ते त्याला कळायला लागतं. त्यातूनच एक रीत पडली होती. कुणाबद्दल वाईट बोलायचं असेल तर भिंतीकडे तोंड करायचं. मास्तरला शिव्या घालताना आम्ही सगळे भिंतीकडे वळायचो. मास्तर आमच्या पाठी बघूनच काय चाललंय ते ओळखायचा.

कपड्यांत गुंडाळलेल्या दोन बाटल्या घेऊन मी नवागामच्या त्याच्या खोलीवर पोचलो तेव्हा दुपार होती. वरचा मजला, डोक्यावर पत्रा, पंखा गरम हवा फिरवत होता. तो मला पाहून इतक्या मोठ्याने बोलला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही.

"किती जाड झाला रे तू!"

"हळू बोला, सगळ्या गल्लीला नको सांगायला," वहिनी म्हणाल्या. त्यांची तक्रार वेगळीच होती. "समोरच्या खिडकीतली बाई तिच्या सासूला काय बोलते, ते इथे बसून मला सगळं सांगतात. ती आता खिडकी लावून घेते."

"बरी करमणूक होती," तो म्हणाला.

घरात ती दोघं अहिराणीच बोलतात. मी त्यांचं बरंचसं बोलणं साध्या मराठीत लिहितो आहे, एवढं समजून घ्यावं.

संध्याकाळी तो खाटेवर बसून माझ्या बाटल्यांवरचं लेबल वाचत होता. वहिनी शेवभाजीला फोडणी देत होत्या. त्यांनी तोंड भिंतीलगतच्या शेगडीकडेच ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, शेठला एक सांगाल? यांना कापड तपासायच्या टेबलावर बसवा म्हणावं. तिथे कान लागत नाहीत, डोळे लागतात. डोळे यांचे अजून पोरासारखे आहेत. हे स्वतः कधी म्हणायचे नाहीत. घरात बसून बसून रात्री पायऱ्यांवर जाऊन बसतात. मला भीती वाटते."

मी म्हणालो, "वहिनी, काळजी सोडा. शेठ माझ्या शब्दाबाहेर नाही."

त्यांचं तोंड भिंतीकडे आहे हे मला तेव्हा जाणवलं होतं. खात्यात कधी पाऊल न टाकलेल्या बाईलाही ही सवय लागली याचं मला हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डुमसला गेलो. काळी वाळू, ओहोटीने लांब गेलेलं पाणी, टोमॅटोची गरम भजी. तो चप्पल हातात घेऊन ओल्या वाळूत एकटाच खूप लांब चालत गेला. पाठीमागून हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून वहिनी आणि मी तो परत येईपर्यंत ऊन झेलत उभे राहिलो. परत आल्यावर तो म्हणाला, "पाणी तर सापडलंच नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठने गाडी पाठवली. कडोदऱ्याच्या पुढे, उसाच्या मळ्यांमध्ये त्याची वाडी आहे. आंब्याची झाडं, एक पक्की खोली, बाहेर विहीर. वहिनी आल्या नाहीत. निघताना त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी मान हलवली.

शेठने मनापासून पाहुणचार केला. लोचो, सेव-खमणी, बर्फातले ताडगोळे, मग रस-पुरी. माझी वाईन त्याने स्टीलच्या पेल्यांत ओतली. गुजरातेत दारूबंदी असली तरी वाडीवर कोण विचारतं, असं म्हणत त्याने एका घोटात अर्धा पेला संपवला. माझ्या मित्राने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"खोकल्याचं औषध आहे का हे?"

"नाशिकचे लोक याला दारू म्हणतात," शेठ म्हणाला.

"मग नाशिकच्या लोकांना खोकला झाला असेल."

आम्ही तिघं खूप हसलो. वीस-बावीस वर्षांत इतकं हसलो नव्हतो. मग माझा मित्र उठला आणि बादलीत भिजत घातलेले आंबे धुवायला विहिरीपाशी गेला. आमच्यापासून साधारण वीस पावलं. झाडाच्या सावलीत, आमच्याकडे तोंड करून तो उकिडवा बसला.

विषय शेठनेच काढला. मला काढावाही लागला नाही.

"याचं काय करायचं रे? मी ऐकलंय, घरी बसलाय. चेकिंगच्या टेबलावर एक जागा आहे माझ्याकडे. तू खरं सांग ने. तू बाहेर राहतोस, माणसं हाताखाली घेतलीस. ठेवू का?"

मला फक्त "ठेव" म्हणायचं होतं.

मी काय केलं ते जसं घडलं तसं लिहितो. माझा दुसरा पेला चालू होता. ज्या माणसाच्या गाडीतून आम्ही आलो, तो मला विचारत होता, मित्र म्हणून नव्हे, जाणकार म्हणून. माझा सल्ला मागत होता. वयाची पन्नाशी ओलांडेपर्यंत मला कुणी असं विचारलेलं नव्हतं. माझ्या हाताखाली माणसं नाहीत, स्टोअरमध्ये मीच दुसऱ्याच्या हाताखाली आहे. पण शेठला मी ते सांगितलं नाही. मी पाठ टेकून बसलो. मालक लोक बोलतात तसा तोल सांभाळत बोललो. विहिरीकडे एकदा बघून आवाज अगदी खाली केला.

"खरं सांगू? मैत्री वेगळी, काम वेगळं. तो आता पूर्वीचा राहिला नाही. मनाने खचलाय. ऐकू येत नाही, उद्या काही झालं तर तुझ्यावर येईल." आणि मग आमच्या जुन्या बोलीत, जवळीक दाखवायला, "ठेवशी ते जनमभर तुना गयामा पडी." ठेवलास तर जन्मभर तुझ्या गळ्यात पडेल.

शेठ मान हलवत म्हणाला, "हां. मलाही तेच वाटत होतं."

आवाज मी खाली केला होता. तोंड फिरवायचं मला सुचलं नाही. बहिऱ्या माणसापासून लपवायला मी आवाज कमी केला. नाशिकला जाऊन मी ऐकणाऱ्यांतला झालो होतो, एवढंच याचं कारण. खात्यात सहा वर्षं काढलेल्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. पण मला यातलं दुसरंच जास्त बोचतं. तोंड फिरवलं असतं तर ते वाक्य आजही माझ्या लक्षात राहिलं नसतं. मी वहिनींना काहीतरी सांगून नाशिकला आलो असतो आणि सुट्टी छान झाली असं सगळ्यांना सांगितलं असतं.

मी विहिरीकडे पाहिलं तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. मग त्याने मान खाली घातली. धुतलेले आंबे त्याने बादलीत परत टाकले आणि पुन्हा एकेक काढून धुवायला लागला. बराच वेळ धूत होता. शेठ त्याच्या मुलाच्या लग्नाबद्दल काही सांगत होता, त्यातलं मला काही आठवत नाही. माझा मित्र आला, आंब्यांचं ताट मध्ये ठेवलं, सगळ्यांत पिकलेला निवडून माझ्या पुढ्यात सरकवला.

"खा," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

परतीच्या गाडीत तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मला त्याची मान आणि कानांमागचे पांढरे केस दिसत होते. त्याला कळलं नसेल, मध्ये ऊन होतं, अंतर होतं, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

खोलीवर पोचलो तर वहिनी दारातच उभ्या. त्यांनी साडी बदलली होती. पाणी देण्याआधीच त्यांनी मला विचारलं, त्याच्यासमोरच, बहुधा धीर धरवला नाही म्हणून.

"इचारं का भाऊ शेठले?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"विचारलं," मी म्हणालो. "बघतो म्हणाला. थोडं थांबावं लागेल."

वहिनींचा चेहरा उजळायला लागला तेवढ्यात तो मध्येच बोलला.

"बघतो नाही, ये म्हणाला. उद्यापासून ये म्हणाला. मीच नको म्हटलं."

"नको म्हटलं?"

"रोज सचिनपर्यंत कोण जाईल? आणि त्याच्या हाताखाली मी नाही करणार. एकाच खोलीत राहिलेली माणसं आम्ही."

वहिनी त्याला खूप बोलल्या. अभिमान घेऊन चाटत बसा, म्हणाल्या. भाऊने तुमच्यासाठी शब्द टाकला, त्याची तरी लाज ठेवायची होती, म्हणाल्या. तो खाली बघून ऐकून घेत होता, म्हणजे ऐकत नव्हता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. एकदा तोंड उघडलं असतं तर सगळं त्याच्यावरून माझ्यावर आलं असतं. मी उघडलं नाही. वहिनींनी मला आधी वाढलं आणि मी जेवलो.

सकाळी बस लवकर होती. वहिनी माझ्यासाठी दशम्या बांधत होत्या, त्यांची पाठ आमच्याकडे होती. त्याने माझी बॅग उचलून दारात ठेवली, माझ्यासमोर उभा राहिला आणि खात्यातल्यासारखे नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. एकच शब्द होता.

गयामा?

इतक्या वर्षांनी मला तो लगेच वाचता आला. मी मान खाली घातली. तो बॅग घेऊन जिना उतरला, रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला गुजरातीत बस स्टँड सांगितलं. हात केला. मीही केला.

नाशिकला आल्यावर आठवड्याने मी शेठला फोन केला. त्या दिवशी मी चुकीचं बोललो, वाईन जास्त झाली होती, त्याला ठेव, असं सांगितलं. शेठ म्हणाला, "अरे, तूच तर बोललास. मी दुसरा माणूस घेतला. आता त्याला कसा काढू?" त्याचं बरोबर होतं.

आता माझा मित्र घरीच साड्यांना खडे चिकटवतो. ते बायकांचं काम समजतात तिकडे. वहिनी गठ्ठा आणतात, दोघं मिळून करतात. त्याचा एकही खडा रेषेबाहेर जात नाही, असं वहिनी सांगतात. त्यांचा माझ्यावर अजून तेवढाच जीव आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात, फोन डब्याला टेकवून ठेवतात म्हणजे ती दोघंही दिसतात. तो एकदा हात वर करतो, "काय, नाशिक," असं मोठ्याने म्हणतो आणि पुन्हा साडीत मान घालतो. मी जे काही बोलतो ते वहिनी ऐकतात. तो बघत नाही.

मागच्या रविवारी वहिनीही खडे मांडत होत्या, स्क्रीनकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणालो, मला माफ कर. दोनदा म्हणालो. तो सुईच्या टोकाने खडा उचलत होता. मग तिसऱ्यांदा म्हणालो, सगळं वाक्य, कशाबद्दल तेसुद्धा.

"भाऊ," वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा आवाज येत नाहीये. नेटवर्क गेलं वाटतं."

त्याने खडा ठेवला, बोटाने दाबला आणि दुसरा उचलला.