मागच्या पेटीतलं बी

माझ्या पेरणी यंत्राला दोन पेट्या असायच्या. ट्रॅक्टरच्या बाजूला, म्हणजे पुढं, बियाण्याची आणि तिच्या मागं खताची. दोन्हींवर पिवळ्या रंगात ठसठशीत नावं. ती अक्षरं मी दर वर्षी थोडी मोठी करत गेलो, कारण दर पेरणीला लोक पेट्या उलट्या भरायचे. मागं बी, पुढं खत. खताच्या पेटीची भोकं मोठी, त्यातून सोयाबीन भडाभडा सांडायचं. पुढच्या पेटीतल्या बी सोडणाऱ्या चक्र्या खतानं आवळून बसायच्या. मग मला फोन यायचा.

मी आधी शिव्या द्यायचो, नंतर समजावून सांगायचो. एकाला म्हणालो होतो, "बैलाएवढी अक्षरं काढलीत त्याच्यावर, ती काय रांगोळी म्हणून काढलीत का?" तो हसला, पेट्या रिकाम्या केल्या, नीट भरल्या आणि दोन वर्षांनी भावासाठी दुसरं यंत्र माझ्याकडूनच घेऊन गेला. पेरणीच्या दिवसांत माझा फोन कानाला चिकटलेला असायचा आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. यंत्र कोणीही जोडतो, ते चालतं मात्र माझ्या सांगण्यामुळं, असं मी धरून चाललो होतो.

रस्त्याच्या पलीकडची शेड माझ्या जुन्या भागीदाराची. जालन्यात आम्ही एकाच पत्र्याखाली, एकाच वेल्डिंग मशीनवर धंदा सुरू केला. त्याआधी मी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या ऊस-ट्रॉल्या दुरुस्त करत होतो आणि तो मोंढ्यामागं, धान्याच्या बाजारामागं, त्याच्या वडिलांच्या लेथवर बसायचा. त्याच्या घरात उर्दू बोलणारी माणसं, पण त्याची लेकरं आमच्या अंगणात वाढली, माझ्या आईच्या हातची भाकरी खाऊन. पुढं वेगळे झालो. भांडण मोठं नव्हतं, मी मोठं केलं असं लोक म्हणतात. वाटणीत गिऱ्हाईक माझ्याकडं आलं, लेथ त्याच्याकडं गेला. म्हणजे तोंड मला मिळालं, हात त्याला. तोंडाची बाजू भारी असं मला वाटत होतं आणि पुष्कळ वर्षं ते खरंही होतं. त्याला भाव सांगता येत नाही. गिऱ्हाईक म्हणालं "कमी करा", की हा लाजून कमी करतो.

अशा माणसाच्या पोटी अशी पोरगी निघाली, हे मला अजून पचलेलं नाही.

ती बाहेर शिकायला गेली. काय शिकते असं विचारलं तर तिचा बाप म्हणायचा, माणसाचं डोकं कसं चालतं ते शिकते आणि मग त्या डोक्याला जमतील अशा वस्तू करायला शिकते. मी म्हणायचो, वस्तूला डोकं लागतं ते बनवणाऱ्याचं, वापरणाऱ्याचं कशाला? ती परत आली तेव्हा मला वाटलं होतं, एखाद्या मोठ्या कंपनीत जाईल, दिवाळीला मिठाई घेऊन येईल. ती बापाच्या शेडमध्ये बसली. नुसती बसली. पेरणीच्या तोंडावर मोंढ्यात, बांधावर, जिथं कोणी यंत्र भरत असेल तिथं स्टूल टाकून बसायची आणि मोबाइलवर लोकांचे हात टिपायची. तोंडं नाही, हात. माझ्या यंत्रापाशीही बसली. मी तिच्या बापाला हाक मारून म्हणालो, "पोरगी शिकून आली का पाहुणी म्हणून आली?" तो हसला. त्याचं हसणं मला पहिल्यापासून आवडत नाही. त्यात काही लपवलेलं नसतं.

माझ्या घरी एक मुलगा आहे, चांगला आहे, संभाजीनगरला नोकरी करतो. त्याला माझ्या यंत्राचा रंग विचारला तर आठवावा लागेल. मी दुकानातून पलीकडं बघायचो, तर ही दोघं बाप-लेक एकाच यंत्राखाली उताणी पडलेली असायची, पाय तेवढे बाहेर. तेव्हा मी उगाच कामगारांवर ओरडायचो.

वाटूरच्या आसपासच्या गावांचा एक शेतकरी गट आहे. गट एकदाच सगळ्यांसाठी यंत्रं घेतो आणि गटानं जे घेतलं ते त्या भागातले बाकीचे लोक डोळे झाकून घेतात. ती ऑर्डर कायम माझी. तीच गेली तर माझ्या शेडला निम्म्याहून जास्त दिवस कुलूप लावावं लागेल, हे मला माहीत होतं आणि पलीकडच्यालाही माहीत होतं. त्या वर्षी गटाच्या अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, समोरच्यांनीही नवीन यंत्र दाखवलंय, दोन्ही घेऊन या, शेतात बघू.

मी निश्चिंत गेलो. शेतात उभं राहून मी नांगर विकलेत, ट्रॉल्या विकल्यात, एकदा तर पावसात भिजत उभा राहून पाण्याची टाकी विकली आहे. पण वाटूरला पोचल्यावर कळलं, पोरीनं एक अट घातली आहे. यंत्र बनवणाऱ्यांनी बोलायचं नाही. दोघांनीही. बांधावर बसायचं आणि बघायचं.

मी अध्यक्षांना म्हणालो, "मंग मला बोलावलं कशाला? यंत्र एकटंच पाठवलं असतं की एसटीनं."

अध्यक्ष टोपी सारखी करत म्हणाले, "शेठ, पेरणीला तुम्ही आमच्या बांधावर असता का? न्हाई ना? मंग तसंच बघू."

त्यांनी बियाच्या आणि खताच्या पोत्यांचा सरमिसळ ढीग घातला. ट्रॅक्टर चालू ठेवला. गटातल्या माणसांना सांगितलं, आभाळ भरून आलंय, वापसा, पेरणीजोगी ओल, दुपारपर्यंतच टिकणार, जल्दी करा. माणसं धावली. आणि माझ्या डोळ्यांदेखत, एकामागून एक, माझ्या यंत्राच्या मागच्या पेटीत बी ओतू लागली. अक्षरांवरून. पोत्याचं तोंड ‘खत’ या शब्दावर टेकवून. त्यात एक जण असा होता की ज्याच्याकडं माझंच यंत्र आहे आणि ज्याला मी फोनवर दोनदा झापलंय. मी बांधावरून उठून ओरडलो, "अरे पुढं! पुढं!"

"शेठ," अध्यक्ष म्हणाले, "बोलायचं न्हाई ठरलंय."

मी खाली बसलो. इतका वेळ गप्प बसल्याचं मला आयुष्यात आठवत नाही.

तिच्या यंत्राला बियाण्याची पेटी मागं होती आणि कमरेच्या उंचीवर होती. झाकण एका हातानं उघडणारं. खताची पेटी पुढं, तिचं झाकण जड, दोन्ही हातांनी उचलावं लागायचं. पेटीवर एक अक्षर नव्हतं. माणसं आली, भरून मोकळी झाली. एक जण खताचं पोतं घेऊन मागच्या पेटीपाशी गेला, लहान झाकणापाशी घुटमळला आणि कोणी न सांगता पुढं गेला. भागीदार माझ्या शेजारी बसून गवताची काडी चावत होता. त्याला बोलायची बंदी म्हणजे काही बंदीच नव्हती.

ऑर्डर त्यांना गेली. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी रस्ता ओलांडून त्यांच्या शेडमध्ये गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. फण मागंपुढं सरकवायची पकड माझी कल्पना, नळ्यांचा कोन माझा, निम्मं यंत्र माझंच आहे आणि तुम्ही फक्त पेट्यांची जागा बदलून माझी भाकरी पळवली. भागीदार म्हणाला, "भाऊ, बैठ तो सही. चाय आने दे." मी उभाच राहिलो आणि सगळं बोललो, वर दोन गोष्टी जास्तीच्या.

पोरीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "पकड तुमचीच आहे काका, बाबा सगळ्यांना तसंच सांगतात."

"आणि पेट्या? त्या कुठून सुचल्या? मोठ्या शहरात शिकवतात का पेरणीचं?"

"न्हाई. घाईत माणूस वाचत न्हाई, एवढं तिथं शिकले. हात आपला जुन्या वाटेनं जातो. पण जुनी वाट कोणती, ते मला कुठं माहीत होतं? मी बैलांनी पेरायची तिफण बघितलीच न्हाई कधी." तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे बघा."

पडद्यावर हात होते. म्हातारे, मनगटावर गोंदलेली तुळस, हिरव्या बांगड्या. पदराची ओटी करून त्यात धान्य घेतलेलं. उजवी मूठ ओटीतून निघायची, हवेत एका जागी थांबायची, जिथं तिफणीचं चाडं, बी सोडायचं लाकडी भांडं, असायला हवं तिथं, आणि बोटं जराशी ढिली होऊन दाणे सुटायचे. आवाज आला, "खत आधी जातं, बैलगाडीनं, रानात कुळवाची पाळी घालायच्या आधी. बी मागनं चालतं. बी कधी पुढं न्हाई जात बाई."

माझी आई. माझ्या घरातलं अंगण, मागं आमचा नळ.

मी सहा-सात वर्षांचा असताना तिच्या मागं मागं तिफणीच्या तासातून चाललो आहे. त्या मुठीखाली. ओटी रिकामी झाली की पाटीतलं बी तिला आणून देणारा मीच होतो. म्हणजे जे या पोरीनं शिक्षण घेऊन, स्टूल टाकून, मोबाइल घेऊन शोधलं, ते माझ्या घरात, माझ्या आईच्या हातात पडलं होतं. आणि ते आईनं हिला दिलं.

घरी येऊन मी आईला विचारलं, हे मला का नाही सांगितलं. आई गवार मोडत होती. म्हणाली, "ती आल्ती, इचारत बसली, म्या सांगितलं. तुला सांगायला तू कुठं गप बसतो?"

चार दिवस मी पलीकडं बघितलं नाही. मग धंद्याचं डोकं ठिकाणावर आलं. पेटी मागं घेतल्याशिवाय पुढच्या हंगामात माझं एक यंत्र उठणार नव्हतं. मी परत गेलो आणि सरळ विचारलं, हा आराखडा वापरायचा काय घेणार?

पोरगी म्हणाली, "काही न्हाई. घ्या की, काका. त्यात काय लपवायचंय?"

हा माझा अपमान होता. फुकट मिळालेल्या वस्तूचा भाव करता येत नाही, आणि ज्याचा भाव केला नाही ते आपलं होत नाही. मी म्हणालो, फुकट नको, आकडा सांग. ती म्हणाली, नाही. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, कशाला. मी वाढवला. भागीदार लेथवरून म्हणाला, "अरे बेटा, ले ले कुछ तो, न्हाई तर हा दिवसभर वाढवत राहील." आयुष्यात पहिल्यांदा मी वरच्या दिशेनं भाव करत होतो आणि समोरचं माणूस खाली ओढत होतं.

शेवटी ती म्हणाली, "बरं, एक मागते. आम्ही आता हातानं एकेक बी टोकायचं यंत्र करतोय, बायकांसाठी. आजींना आमच्या शेडमध्ये बसू द्या. मला त्यांचे हात बघायचेत."

मी पैसे दिले असते. दुप्पट दिले असते. मी म्हणालो, आठवड्यातून एकदा. ती म्हणाली, रोज. मी म्हणालो, तिचं वय बघ. ती म्हणाली, गादीची खुर्ची देते. अर्धा दिवस, दुपारच्या जेवणाला घरी, यावर सौदा पक्का झाला. घरी येऊन आईला सांगतोय तोवर ती चप्पल शोधत होती.

माझ्या यंत्राची बियाण्याची पेटी आता मागं आहे. नावं रंगवणं बंद केलं. या मृगात यंत्रं गेली, पेरण्या झाल्या, आणि फोन आला नाही. एक गिऱ्हाईक दुकानात आलं तेव्हा मी सवयीनं पेट्यांचं सांगायला पुढं झालो. तो म्हणाला, "कळतंय की शेठ, त्यात काय सांगायचं?" आणि ट्रॅक्टरला जोडून घेऊन गेला. चहाही घेतला नाही.

मी खुर्ची दाराशी ओढून बसतो. रस्त्यापलीकडं आई गादीवर बसलेली दिसते, मूठ हवेत धरून काही तरी सांगताना. पोरगी तिच्यासमोर जमिनीवर. भागीदार काम सोडून ऐकत उभा. तिघं मधेच हसतात. काल दुपार टळून गेली तरी आई आली नाही, तेव्हा मी कामगाराला पाठवलं, सौदा अर्ध्या दिवसाचा ठरलाय म्हणून सांग. तो गेला आणि एकटाच परत आला.

"आजी म्हणल्या, पोरीचं इचारून झालं न्हाई अजून. तुम्ही जेवून घ्या."